पटवांच्या दोन बरखास्त्या आणि ३० दिवसांचं विधेयक

भोपाळला हबीबगंज स्टेशनवर उतरलात तर पाटी दिसते 'रानी कमलापति'. १५ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी नव्या इमारतीचं उद्घाटन केलं, त्याच वेळी नावही बदललं. रिक्षावाला मात्र अजून हबीबगंजच म्हणतो, आणि पोलीस ठाण्याचं नावही तेच राहिलंय. स्टेशनच्या एका अंगाला अरेरा कॉलनी, दुसऱ्या अंगाला 'भेल'ची मोठी वसाहत. नोकरीसाठी येऊन इथलेच झालेले मराठी लोक दोन्हीकडे भेटतात.

या भेलचा उल्लेख देशाच्या एका फार महत्त्वाच्या निकालपत्रात आहे, हे वसाहतीतल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. ११ डिसेंबर १९९२ ला भेलच्या कार्यकारी संचालकांनी पत्र लिहून कळवलं होतं की कारखान्याच्या परिसरात कायदा-सुव्यवस्था पार कोलमडली आहे. चार दिवसांनी, १५ डिसेंबरला, सुंदरलाल पटवांचं सरकार बरखास्त झालं आणि ते पत्र पुढे न्यायालयात पुरावा म्हणून गाजलं. ३२० पैकी २२० जागा जिंकून आलेलं सरकार होतं ते. राष्ट्रपतींची एक सही झाली आणि संपलं.

हा जुना विषय आज काढायचं कारण १३० वी घटनादुरुस्ती. २० ऑगस्ट २०२५ ला गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत मांडलेलं हे विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. मुख्यमंत्री, मंत्री किंवा खुद्द पंतप्रधान पाच वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या आरोपाखाली सलग ३० दिवस कोठडीत राहिले, तर एकतिसाव्या दिवशी पद गेलं, असं त्यात म्हटलंय. दोष सिद्ध व्हायची गरज नाही. आरोपपत्रही लागत नाही. अटक आणि तीस दिवस, बस्स.

यावर टीव्हीवर जी भांडणं झाली त्यात दोन्ही बाजू एकमेकांना 'तुमचे किती जण आत गेले' हेच विचारत होत्या. पण सत्ताधाऱ्याने घटनेतलं हत्यार विरोधकावर चालवलं, तर ते रोखायला आपल्याकडे काय आहे आणि ते किती वेळात कामाला येतं, या प्रश्नाचं उत्तर भोपाळच्या इतिहासात आहे. पटवांच्या बाबतीत हे एकदा नाही, दोनदा घडलं.

१९७७: सुरुवात कोणी केली?

आणीबाणीनंतर जनता पक्ष दिल्लीत आला. ज्यांनी तुरुंग भोगला होता तेच आता सरकार होते. १८ एप्रिल १९७७ ला गृहमंत्री चरणसिंग यांनी नऊ काँग्रेसशासित राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवलं: लोकसभेत तुमचा पक्ष साफ झालाय, तेव्हा विधानसभा बरखास्त करायची शिफारस करा आणि निवडणुका घ्या. त्यात मध्य प्रदेशही होतं. काही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २९ एप्रिलला हात आखडता घेतला. राजकीय निर्णयात आम्ही फार खोल शिरणार नाही, असा त्याचा सूर होता.

राहिली फक्त सही. फक्रुद्दीन अली अहमद यांचं निधन झालेलं, त्यामुळे उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती राष्ट्रपतीपदाचा कारभार बघत होते. जत्ती म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. जमखंडी तालुक्यातल्या सावळगीचे, कायद्याचं शिक्षण कोल्हापुरात, जमखंडी संस्थानचा कारभार पाहिलेले, पुढे म्हैसूरचे मुख्यमंत्री. कागद समोर आला तेव्हा त्यांनी लगेच सही केली नाही. मंत्रिमंडळाकडून दबाव आला आणि ३० एप्रिलला त्यांनी सही केली. त्यांना दुसरा रस्ताच नव्हता. आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर पूर्ण बंधनकारक केला होता. 'पुन्हा विचार करा' म्हणून कागद परत धाडायची सोयही ठेवली नव्हती. जत्तींना जे करता आलं ते एवढंच, थोडा उशीर.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण हल्ली अमेरिकेच्या बातम्या वाचून गोंधळ होतो. तिकडचा राष्ट्राध्यक्ष स्वतः सत्ता चालवतो. आपले राष्ट्रपती सही करतात, निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. म्हणून आपल्याकडे 'राष्ट्रपतींच्या अधिकाराचा गैरवापर' म्हटलं की बोट बहुतेक वेळा राष्ट्रपती भवनाकडे नाही, पंतप्रधान कार्यालयाकडे जातं.

पुढे १९८०. इंदिरा गांधी परत आल्या. मध्य प्रदेशात जनता पक्षाचे तिसरे मुख्यमंत्री म्हणून २० जानेवारीला सुंदरलाल पटवा बसले होते. १७ फेब्रुवारीला त्यांच्यासह नऊ राज्यांची सरकारं गेली. कारण तेच, जनता पक्षाचंच: लोकसभेत तुमचा पक्ष हरला, म्हणजे जनादेश संपला. पटवांचा महिनाही भरला नव्हता. त्याच दिवशी मुंबईत शरद पवारांचं पुलोद सरकारही गेलं. चाळिशीही न गाठलेले पवार आणि मंदसौरकडचे पटवा एकाच दिवशी घरी गेले.

चरणसिंगांनी १९७७ मध्ये जो पायंडा पाडला तो इंदिराबाईंनी तीन वर्षांत व्याजासह परत केला. म्हणून 'सूड कोणी सुरू केला' हा वाद घालत बसण्यात फारसा अर्थ नाही. सीमाभागाला तर हे वेगळं शिकवायलाच नको. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने निवडून आलेली महापालिका बरखास्त केली. २०११ मध्ये पुन्हा तेच. वरच्या सरकारला खालचं सभागृह नकोसं झालं की कायद्यात कलम सापडतंच, मग ते दिल्लीत असो की बंगळूरमध्ये.

१९९२: दंगल खरी होती, पण...

पटवांची दुसरी बरखास्ती गुंतागुंतीची आहे आणि तिला सरळ 'सूड' म्हणून मोकळं होता येत नाही.

६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. कल्याणसिंगांचं उत्तर प्रदेश सरकार त्याच दिवशी गेलं. भोपाळमध्ये दुसऱ्या दिवसापासून दंगल पेटली, शंभराहून जास्त माणसं मेली. राज्यपाल कुंवर महमूद अली खान यांनी ८, १० आणि १३ डिसेंबरला असे तीन अहवाल दिल्लीला पाठवले. १० तारखेला केंद्राने संघावर बंदी घातली होती. संघाशी बांधिलकी सांगणारा मुख्यमंत्री ही बंदी कशी राबवणार, असा केंद्राचा सवाल होता. १५ डिसेंबरला मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेश ही तिन्ही भाजप सरकारं एका दमात बरखास्त झाली.

सही होती शंकरदयाळ शर्मांची. हे शर्मा भोपाळचेच. जुनं भोपाळ राज्य होतं तेव्हा १९५२ ते १९५६ ते तिथले मुख्यमंत्री होते. मराठी वाचकांना महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणूनही आठवत असतील. आपल्याच गावातलं सरकार घालवणाऱ्या कागदावर त्यांना सही करावी लागली. आणि नरसिंह रावांच्या ज्या मंत्रिमंडळाने हा सल्ला दिला, त्यात संरक्षणमंत्री होते शरद पवार. बारा वर्षांपूर्वी पटवांबरोबर बरखास्त झालेले तेच पवार.

आता तुलना करून बघा. त्याच डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली, हा आकडा श्रीकृष्ण आयोगाचा आहे. महाराष्ट्रात सुधाकरराव नाईकांचं काँग्रेस सरकार होतं. तिथे कलम ३५६ लागलं नाही. मार्च १९९३ मध्ये नाईक गेले, पण तो काँग्रेसचा घरातला मामला होता; त्यांच्या जागी दिल्लीहून पवार आले. भोपाळची दंगल म्हणजे घटनात्मक यंत्रणा मोडली आणि मुंबईची दंगल म्हणजे नुसता प्रशासकीय ढिसाळपणा, हे कुठल्या मापाने ठरवलं? ज्याच्यावर कारवाई झाली तो निर्दोष असायलाच हवा असं काही नाही. कारवाई कोणावर करायची आणि कोणाकडे काणाडोळा करायचा हे एकाच हातात असलं, की खऱ्या दोषावरची कारवाईसुद्धा सुडाची होते.

पटवा जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९९३ मध्ये न्यायालयाने बरखास्ती रद्द ठरवली. साडेतीन महिन्यांत निकाल, म्हणजे आपल्याकडच्या मानाने विजेच्या वेगाने. पण केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि पटवा घरीच राहिले. नोव्हेंबरात निवडणूक झाली, भाजप हरला, दिग्विजयसिंग मुख्यमंत्री झाले. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला ११ मार्च १९९४ ला. पटवांच्या विरोधात. पण तो बाजूने लागला असता तरी काय उपयोग होता?

हाच तो बोम्मई निकाल. सीमाभागात बोम्मई म्हटलं की २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगणारे बसवराज बोम्मई आठवतात. हा खटला त्यांच्या वडिलांचा, हुबळीच्या एस. आर. बोम्मईंचा. २१ एप्रिल १९८९ ला त्यांचं कर्नाटक सरकार बरखास्त झालं. सभागृहात बहुमत सिद्ध करतो, असं ते राज्यपालांना सांगत होते. राज्यपालांनी ऐकलं नाही. नऊ न्यायाधीशांनी ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. तोवर पाच वर्षं होत आली होती, मध्ये निवडणूक होऊन दुसरं सरकार आलं होतं. खटल्याला नाव मिळालं, खुर्ची काही मिळाली नाही.

मात्र त्या निकालाने पुढच्यांसाठी एक अडसर उभा केला. बहुमताचा फैसला राजभवनात नाही, सभागृहातच होईल. राष्ट्रपतींपुढे काय माहिती ठेवली होती ते न्यायालय तपासू शकेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही, फक्त निलंबित ठेवता येईल, आणि बरखास्ती चुकीची निघाली तर जुनं सरकार परत आणता येईल. सही आणि तिचा न पुसता येणारा परिणाम, यांच्यामध्ये वेळ आली.

त्याआधी १९७८ मध्ये जनता सरकारनेच ४४ व्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या होत्या. राष्ट्रपतींचं 'समाधान' अंतिम, त्यावर कोर्टात जाता येणार नाही, हे आणीबाणीतलं कलम काढून टाकलं. आणि राष्ट्रपतींना सल्ला एकदा परत पाठवायचा हक्क दिला. म्हणजे जत्तींना जे हवं होतं ते, फक्त त्यांच्यावर दबाव आणणाऱ्यांनीच वर्षभराने दिलेलं! के. आर. नारायणन यांनी तो हक्क दोनदा वापरला: १९९७ मध्ये उत्तर प्रदेशसाठी, १९९८ मध्ये बिहारसाठी. दोन्ही वेळा मंत्रिमंडळाने माघार घेतली. १९९९ मध्ये बिहारमध्ये राजवट लागलीच, पण राज्यसभेत बहुमत नाही म्हणून ती मागे घ्यावी लागली आणि राबडीदेवी परत आल्या. २०१६ मध्ये उत्तराखंडात हरीश रावत दीड महिन्यात सभागृहात बहुमत सिद्ध करून परत बसले.

पाच वर्षांपासून दीड महिन्यापर्यंत. कलम ३५६ च्या बाबतीत एवढी वाट आपण चाललो. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत अपेक्षा केली होती की हे कलम कागदावरच निर्जीव पडून राहील. पुढे ते शंभराहून जास्त वेळा वापरलं गेलं. बोम्मईनंतर ते बरंच कमी झालं, ते कोणाला सद्बुद्धी सुचली म्हणून नव्हे, पचेनासं झालं म्हणून.

सही अजूनही किती जलद होऊ शकते ते महाराष्ट्राने २३ नोव्हेंबर २०१९ ला पाहिलंच. मंत्रिमंडळाची बैठक न घेता पंतप्रधानांनी कामकाज नियमांतला नियम १२ वापरला, पहाटे ५:४७ ला राजवट उठली आणि लोक चहा घेईपर्यंत फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी उरकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि ते सरकार पडलं. तो आदेश बोम्मईच्या पुण्याईवर उभा होता.

आता अटक हेच हत्यार

कलम ३५६ जड झाल्यावर सरकारं पाडायचे दुसरे रस्ते निघाले. भोपाळमध्ये मार्च २०२० ला कमलनाथ गेले ते २२ आमदारांच्या राजीनाम्यांनी. मुंबईत जून २०२२ ला उद्धव ठाकरे गेले. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चूक होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं, पण त्यांनी आधीच राजीनामा दिल्याने परत बसवता येणार नाही म्हणाले. पुन्हा तेच, न्याय मिळाला पण खुर्ची नाही.

आणि तपास यंत्रणा. संजय राऊत १ ऑगस्ट २०२२ ला आत गेले, ९ नोव्हेंबरला जामीन देताना विशेष न्यायालयाने अटकच बेकायदेशीर ठरवली. मधले शंभर दिवस कोणी परत करत नाही. अनिल देशमुख वर्षाहून जास्त आत होते. उलट बाजूही आहे: महाविकास आघाडीच्या काळात नारायण राणेंना, केंद्रीय मंत्री असताना, एका वक्तव्यावरून अटक झाली होती, त्यांना त्याच रात्री जामीन मिळाला. पोलीस ज्याच्या हातात, त्याला मोह होतोच. फरक आहे तो कायद्याचा. ईडीच्या कायद्यात जामिनासाठी आरोपी दोषी नाही असं न्यायाधीशाला सकृतदर्शनी वाटावं लागतं, त्यामुळे तिथे ३० दिवस म्हणजे काहीच नाहीत. मार्च २०२५ मध्ये सरकारनेच राज्यसभेत सांगितलं की दहा वर्षांत राजकारण्यांवर ईडीचे १९३ खटले झाले, शिक्षा दोनमध्ये.

विधेयकाच्या बाजूने जे म्हटलं जातं ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नवाब मलिक तुरुंगात असताना चार महिने मंत्री होते. केजरीवाल कोठडीतून दिल्लीचा कारभार बघत होते. शिपाई ४८ तास कोठडीत राहिला तर निलंबित होतो, मग मंत्र्याला वेगळा न्याय का, असं सामान्य माणूस विचारतो, आणि बरोबर विचारतो. पण शिपायाला मतदारांनी नेमलेलं नसतं, आणि तो निलंबित होतो, बडतर्फ नाही. सुटला की कामावर परत येतो, निम्मा पगार चालू असतो. मुख्यमंत्र्याचं पद ३१ व्या दिवशी जातं ते जातंच, आणि त्याच्याबरोबर आख्खं मंत्रिमंडळ डळमळतं.

विधेयकात पंतप्रधानही आहेत, म्हणून ते सगळ्यांना सारखं, असं सांगतात. कागदावर खरं आहे. पण केंद्रीय यंत्रणा पंतप्रधानांच्या सरकारच्या हाताखाली. स्वतःच्याच सरकारच्या यंत्रणेने अटक केलेला पंतप्रधान कोणी पाहिलाय?

बोम्मईने सही आणि परिणामाच्या मध्ये जो अडसर घातला, तो या विधेयकात नाही, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. कलम ३५६ मध्ये सहसा राज्यपालांचा अहवाल येतो, राष्ट्रपती एकदा परत पाठवू शकतात, दोन महिन्यांत संसद लागते, न्यायालय कागद तपासतं. इथे सल्ला आला नाही तरी पद आपोआप जातं. एखाद्या तपास अधिकाऱ्याची सही आणि खालच्या न्यायालयाचा कोठडीचा आदेश एवढ्यावर राज्याचं सरकार हलतं. समितीला यात दुरुस्त्या सुचवता येतात: आरोपपत्रानंतर न्यायालयाने आरोप निश्चित केल्यावरच घड्याळ सुरू करायचं; तीस दिवसांच्या आत उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अटकेची कारणं तपासणं सक्तीचं करायचं; पद जाण्याऐवजी ते निलंबित ठेवायचं, विधानसभेला बोम्मईने लावला तोच न्याय. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात, सरकारकडे स्वतःची तेवढी नाहीत. तेव्हा कोल्हापूर, सोलापूर, नांदेडचे असोत की बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूरचे, आपापल्या खासदारांना हे विचारायला अजून जागा आहे.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी ट्रम्प यांच्यावर खटला चालवला होता. ट्रम्प सत्तेत परतल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्यावरच आरोप ठेवले गेले. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी ते प्रकरण काढून टाकलं, कारण ज्या सरकारी वकिलाने आरोप ठेवले तिची नेमणूकच बेकायदेशीर होती. या काळात जेम्स आपल्या पदावरच होत्या.

विधेयक म्हणतं, सुटल्यावर पुन्हा नेमता येईल. झारखंडात हेमंत सोरेन यांनी ३१ जानेवारी २०२४ ला अटकेआधी राजीनामा दिला आणि चंपई सोरेन यांना बसवलं. २८ जूनला उच्च न्यायालयाने जामीन दिला, जुलैच्या सुरुवातीला हेमंत परत मुख्यमंत्री झाले. खुर्ची सोडावी लागलेले चंपई ऑगस्ट संपायच्या आत भाजपमध्ये गेले.